घरी उतरलेला परदेशी

५ डिसेंबर १९७३, सोलापूर
ब.चं पत्र आलं, शाळेच्या पत्त्यावर. फेब्रुवारीत त्यांचा संघ इकडे येतोय. मुंबईला दोन सामने, पुण्याला एक. यादीत त्यांचं नाव आहे. बत्तिसाव्या वर्षी. सामने कुणाशी ते लिहिलेलं नाही. कुणाशी असणार.

म्हणजे माझा नवरा भारताविरुद्ध हॉकी खेळायला भारतात येणार.

दुपारचा तास नीट झाला नाही. मुलींची लेझीम घ्यायची होती, नुसतं धावायला लावलं. मीही धावले त्यांच्याबरोबर, चार फेऱ्या. मुली एकमेकींकडे बघून हसत होत्या.

घरी सासूबाईंना वाचून दाखवलं. अव्वांना कमी ऐकू येतं, त्यामुळे शेजारच्या दोन बिऱ्हाडांनाही ऐकू गेलं. अव्वांनी कन्नडमध्ये एवढंच विचारलं, "बरतानंत?" म्हटलं, व्हय, येतो म्हणतायत. "किती दिस?" ते पत्रात नाही.

८ डिसेंबर
साडेतीन वर्षं झाली ब.ना बघून. आमची गिरिजा तेव्हा तीनची पण नव्हती. तिला अप्पा आठवतात म्हणते, पण ते फोटोतले असावेत.

एकोणिसाव्या वर्षी ब. मामाच्या मागे आफ्रिकेला गेले. तिथं रेल्वेच्या कारखान्यात फिटर. देशाचं नाव अव्वांना अजून म्हणता येत नाही, त्यांच्यासाठी सगळी आफ्रिकाच. मग तो देश स्वतंत्र झाला. दोन वर्षांची मुदत होती, आमचे व्हा नाहीतर परके म्हणून राहा. ब. त्यांचे झाले. कागद नाही तर संघ नाही.

आमच्या लग्नात बाबांना कळलं ते एवढंच की मुलगा फॉरेनला असतो. फॉरेनचाच आहे हे कुणी बोललं नाही. मला महिन्यानं ट्रंकेत पासपोर्ट सापडला तेव्हा कळलं. विचारलं तर म्हणाले, "खेळायला लागतोय गं तो." मला राग यायला हवा होता. आला नाही. एक वर्ष मी राज्याच्या खो-खो संघात होते. तो शर्ट मिळावा म्हणून मी काय काय करायला तयार झाले असते, ते मला ठाऊक आहे.

१९ डिसेंबर
राजीनामा दिला. १ मार्चपासून. मुख्याध्यापिकाबाईंनी वाचला, घडी घातली, टेबलाच्या खणात ठेवला. म्हणाल्या, "पुढे पाठवत नाही अजून. शेवटच्या दिवसापर्यंत विचार कर."
विचार सात वर्षं केला की. आधी गिरिजा पोटात, मग माझी बी.पी.एड., मग तिकडे बाहेरच्यांना येऊ देईनात, मग अव्वांचे गुडघे. दर वर्षी एक कारण. गेल्या दिवाळीत सगळ्यांनी बसून ठरवलं. मी आणि गिरिजा जायचं, अव्वांनी अक्कलकोटला सुशीवन्संकडे राहायचं. ब.नी पत्रानं हो कळवलं. पासपोर्टाचा अर्ज कधीचा गेलाय.
परत येताना सात रस्त्यापासून बाळी वेशीतल्या घरापर्यंत चालत आले. रिक्षा करावीशी वाटली नाही. अंगात काहीतरी सुटल्यासारखं झालंय.

३ जानेवारी १९७४
पासपोर्ट आला, रजिस्टरनं. आत माझा फोटो, गुन्हेगारासारखा. गिरिजाचं नाव माझ्याच पासपोर्टात, एका ओळीत. तिला वाईट वाटलं, फोटो नाही म्हणून.
तिन्हीसांजेपर्यंत चार वेळा उघडून बघितला. पाचव्या वेळी अव्वा म्हणाल्या, "त्यात नवं काय उगवतंय का?"

१५ जानेवारी
गड्ड्याच्या जत्रेला गेलो. ही गर्दी. गिरिजाला पाळण्यात बसायचं होतं, रांगेत उभे असताना मागून हाक आली. हमीद मास्तर. पोलीस ग्राउंडवर ब.ना पहिली स्टिक यांनीच हातात दिली. आता पेन्शनीत आहेत, तरी रोज सकाळी ग्राउंडवर पोरं घेतातच. पेपरात वाचलं म्हणाले.
"येता है क्या बसवराज?"
म्हटलं, येतायत.
"आयेगा तो मेरे घर नक्को आना बोलो."
 मास्तरांनी ब.ना पोटच्या पोरासारखं वाढवलंय, दोन वर्षं बूट त्यांनीच घेऊन दिले. मी म्हटलं, मास्तर, खेळच आहे ना.
तेव्हा ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहून ठेवते. "बेटी, मेरेकू तीस साल से हर मॅच को पूछते, मास्तर, तुम किसके तरफ? हर बखत दिखाना पडता. छाती खोल के. और इसकू किसीने पूछा बी नै, तो ये आप से उठ के गया."
पाळणा खाली आला. गिरिजा एकटीच बसली. मी मास्तरांशेजारी उभी. वरून ती हात हलवत होती, आम्ही दोघांनी हात हलवला.

१६ जानेवारी
मास्तरांचं खरं आहे.
ब.चंही खोटं नाही. पोटासाठी गेलेल्या पोराला खेळायची हौस होती, एवढंच. मग हे दोन्ही एकाच वेळी

(अव्वांनी हाक मारली, राहिलं.)

२७ जानेवारी
ट्रंक भरायला काढली. काय न्यायचं? दोन चादरी, शेंगाचटणी, ज्वारीचं पीठ नेऊ देतात का माहीत नाही. भरलं, परत काढलं. गिरिजा विचारते, तिकडं कोण कोण मराठी बोलतं? म्हटलं, अप्पा. "आणि?" आणि मी, आणि तू.
अव्वा बघत बसल्या होत्या.  सुशीवन्संचं पत्र आलंय, मागची खोली चुना देऊन ठेवली म्हणून. तेही वाचून दाखवलं. "हूं" म्हणाल्या.
कालच्या परेडमध्ये मला एकदाही शिट्टी वेळेवर वाजवता आली नाही.

३ फेब्रुवारी
बाजारात, शाळेत, नळावर, एकच. "कुणाला टाळ्या वाजवणार बाई?" म्हणणारे हसत म्हणतात. मीही हसते. अजून कुणाला उत्तर दिलेलं नाही.

१० फेब्रुवारी, मुंबई
दादरला मावसभावाकडे उतरलोय, मी नि गिरिजा. काल पोचलो. आज सामना. 

मैदान भरलेलं. आमची जागा बाजूच्या बाकांवर, उन्हात. संघ रांगेत उभे राहिले तेव्हा गिरिजा म्हणाली, "अप्पा कुठले?" मलाही आधी सापडले नाहीत. केस मागे गेलेत. लाल शर्ट. शेजारी एक उंच काळा मुलगा, त्याच्या खांद्याइतके ब.

आधी त्यांचं राष्ट्रगीत. ब. म्हणत होते, सगळे शब्द येत होते. मग आपलं सुरू झालं. आम्ही उभे. मी ब.च्या तोंडाकडेच बघत होते. ओठ घट्ट मिटलेले, इतके की गालाची शीर दिसत होती. हेच गाणं ते म्युनिसिपालिटीच्या शाळेत सात वर्षं रोज म्हणत होते.

खेळले चांगले. बॅकला होते. पहिल्या अर्ध्यात दोनदा चेंडू काढून असा लांब मारला की मागचा एक म्हातारा म्हणाला, "हे सोलापूरचं पाणी आहे बरं का." त्याला कसं कळलं कोण जाणे, पेपरात आलं असेल. त्यावर दुसरा, "मग हिकडं का नाही खेळत, घरभेदी." मी मागे वळून बघितलं नाही.

दोन-दोन होते. पाचसहा मिनिटं राहिली असतील. आपला लेफ्ट इनचा खेळाडू आत घुसला, गोलकीपर पुढे आला, चुकला. गोल मोकळा. ब. एकटे रेषेवर. चेंडू आला आणि ब.नी पायानं अडवला. स्टिक हातात असताना पाय, नियमाबाहेर. शिट्टी. पेनल्टी स्ट्रोक. गोल. तीन-दोन, तिथंच सामना संपल्यासारखा.

सगळं मैदान उठून टाळ्या वाजवत होतं. मागचा म्हणाला, "शाबास, शेवटी आपलाच निघाला." हशा. दुसरा, "घरचं मीठ विसरला नाही." पुढच्या बाकांवरचे वळून हसले. ब. गोलपाशी उभे, हात कमरेवर. त्यांना ऐकू गेलं असणार, तिकडूनही ओरडत होते.

गिरिजा टाळ्या वाजवत होती. सगळे वाजवत होते म्हणून.

११ फेब्रुवारी
हॉटेलवर गेलो, सकाळी दहाला. खाली बसायला लावलं. ब. जिन्यानं आले, लंगडत. गिरिजा माझ्यामागे लपली. मग हळूच बाहेर येऊन पायाकडे बघत राहिली. चप्पल घातलेली, अंगठा काळानिळा. तिचं पहिलं वाक्य, "दुखतंय का?" ब. म्हणाले, "न्हाय गं, लई न्हाय." त्यांचा आवाज ऐकून मला एकदम रडू आलं. बोलणं तसंच आहे. बाळी वेशीतलं.

त्यांचे मॅनेजर येऊन भेटले. सभ्य माणूस. गिरिजाला संघाचा बिल्ला दिला. बुधवारच्या सामन्यात ब. नाहीत, पायाला विश्रांती म्हणून. शनिवारी पुण्यात हजर व्हायचं, तोवर घरी जाऊन या म्हणाले.
मी म्हटलं, बरं झालं की, चार दिवस मिळाले.
ब. म्हणाले, "पायासाठी न्हाय ते. काल कुणी काही बोललं न्हाय मला. जेवायला बसलो तर माझ्या शेजारची खुर्ची मोकळी."

गाडीत बसलोय. ब. आणि गिरिजा समोर, शेंगा खातायत. ती त्यांना बिल्ल्यावरच्या प्राण्याचं नाव विचारतेय.

१२ फेब्रुवारी, सोलापूर
अव्वांनी लेकाचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून बघितलं, जणू दिसतही नाही. मग कन्नडमध्ये जेवणाचं विचारलं. दोघं चुलीपाशी बसून कन्नडमध्ये बोलत राहिले. मला अर्धंच कळतं. माझं नाव दोनदा आलं.

दुपारी पोलीस कचेरी. परदेशी माणूस घरी उतरला तर घरवाल्यानं कळवायचं असतं. खोली भाड्यानं माझ्या नावावर, म्हणून घरवाली मी. टेबलामागे जगताप. ब.च्याच बरोबरीचा, दोघं मास्तरांच्या हाताखाली खेळलेले. आधी उठून मिठी मारली, "बश्या, लेका, जाड झालास." मग बसून फॉर्म पुढे केला आणि एकदम तुम्हीवर आला.
नाव. राष्ट्रीयत्व. कुठून आले. कुठे उतरले. उतरवून घेणाऱ्याचे नाव. परदेशी व्यक्तीशी संबंध. मी लिहिलं, पत्नी. जगतापानं वाचलं आणि खिडकीबाहेर बघितलं.
येण्याचं कारण. ब. म्हणाले, "आईला भेटायला, लिही." जगताप म्हणाला, "त्याला रकाना न्हाय. धंदा, शिक्षण, पर्यटन, इतकंच." शेवटी पर्यटन लिहिलं.
बाहेर पडल्यावर ब. हसले. म्हणाले, "चल, सोलापूर दाखव मला." आम्ही तळ्याला चक्कर मारली खरंच.  पोलीस ग्राउंडच्या भिंतीवरून पलीकडे मुलं खेळताना दिसत होती, ब. थांबले नाहीत.

१३ फेब्रुवारी
काय लिहू. सरळ लिहिते.

सकाळी मी त्यांना पासपोर्ट दाखवला. बघून बाजूला ठेवला. म्हणाले, "शकू, मी परत यावं म्हणतोय. कायमचं."
मला वाटलं, चेष्टा. नव्हती. या दौऱ्यानंतर ते संघात नाहीत. नवी मुलं घ्यायचीत, तिथली. ब. म्हणाले, त्यात त्यांची चूक न्हाय, त्यांचा देश हाय, त्यांची पोरं हायत. "पण मग मी तितं कशाला? खेळायला कागद घेतला. खेळ संपला. आता कारखान्यात मला बघून म्हणतात, हा अजून हितंच?"
मी म्हटलं, मी राजीनामा दिलाय.
"मागं घे की."
तीन शब्द. चहा ढवळत होते.

मग मी बोलले. इतकी बोलले की अव्वांनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. मी दुसऱ्यांच्या मुलींना धावायला शिकवतेय आणि स्वतः सात वर्षं एकाच जागी उभी आहे. नळावर, शाळेत सगळीकडे 'कधी जाणार, कधी जाणार'. मी पण स्वतःला तेच विचारत आले. आता निघायचं ठरलं तर तुम्ही म्हणता थांब.
"तितं काय हाय गं तुझं?"
"इथं तरी काय आहे?" मी म्हटलं. "मला जायचंय." हे मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. याआधी नेहमी 'जावं लागणार'.
 ब. उठून गिरिजाच्या वेण्या घालायला बसले. त्यांना येत नाहीत. तिनं घालून घेतल्या.

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना मी विचारलंच. तो पाय मुद्दाम का?
म्हणाले, "चेंडू येताना दिसला. मागं गोल मोकळा. स्टिक पोचत न्हवती, पाय गेला. देश आठवायला टाइम कुटं असतोय." मग थोड्या वेळानं, "पण शिट्टी वाजल्यावर सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं ना, तवा जरा बरं वाटलं. एक क्षण. ते कुणाला सांगू नको."
सांगणार नाही.

१४ फेब्रुवारी
सकाळी सहाला ब. ग्राउंडवर गेले. मी मागे गेले, न सांगता. मास्तर पोरांना चेंडू अडवायला शिकवत होते. ब. कडेला उभे राहिले. बराच वेळ मास्तरांनी बघितलंच नाही. मग शिट्टी तोंडातून काढली आणि तिथूनच म्हणाले, "पाव क्यों डाला रे?"
ब.नी खाली पायाकडे बघितलं.
"गोल के सामने, डी में पाव नै डालना, कितने बार बोला था? स्टिक किस वास्ते होती?"
"चुकलं, मास्तर."
"चुकलं." मास्तरांनी एक चेंडू ब.कडे ढकलला. स्टिक नव्हती, ब.नी सवयीनं पायानंच अडवला. पोरं हसली. मास्तरांनी त्यांना दटावलं. घरी बोलावलं नाही. पण आणखी काही बोललेही नाहीत. ब. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, मी चुलीकडे तोंड करून बसले.

१५ फेब्रुवारी
आज गेले पुण्याला. कचेरीत जाऊन परदेशी व्यक्ती निघून गेल्याचं कळवून आले.
स्टेशनवर गिरिजानं विचारलं, "परत कधी?" ब. म्हणाले, "तुझी आई ठरवेल." मला हे आवडलं नाही. माझ्या डोक्यावर ठेवून गाडीत बसले. गाडी सुटल्यावर मी डब्याच्या दाराबरोबर दोनचार पावलं गेले, मग थांबले.
मी पुण्याला येणार नाही हे आधीच सांगितलं होतं. पुन्हा त्या बाकांवर बसायची ताकद नाही.

१८ फेब्रुवारी
शाळा सुटल्यावर फाटकाशी हमीद मास्तर. अंगावर प्रवासाचे कपडे, पिशवी. म्हणे एस.टी.नं पुण्याला जाऊन आलो.

"खेला. आखरी पंधरा मिनिट कू उतारे उसकू." तीन-एक हरले, पण ब.नी शेवटी एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. पाय कुठंही घातला नाही. हे मास्तरांनी दोनदा सांगितलं.
मी विचारलं, मास्तर, तुम्ही कुणाच्या बाजूनं? लगेच जीभ चावली. हा प्रश्न मी विचारायचा नव्हता.
मास्तर रागावले नाहीत. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "गोल हुआ तो हिंदुस्थान कू ताली दिया. इसने अडाया तो इसकू दिया. बाजूवाले देख रहे थे. देखने दो बोला."

२२ फेब्रुवारी
शाळेत लक्ष नाही. दोन मुली धावताना एकमेकींवर आदळल्या, माझंच चुकलं, शिट्टी उशिरा. मुख्याध्यापिकाबाई रोज एकदा माझ्याकडे बघतात आणि विचारत नाहीत. एक तारीख पुढच्या शुक्रवारी.
ट्रंक अर्धी भरलेली भिंतीशी आहे. तिच्यावर गिरिजा अभ्यासाला बसते.
राजीनामा मागे घेतला तर मी हरले असं वाटतं. नाही घेतला तर ब. इकडे आणि मी तिकडे असलंही होऊ शकतं, हे लिहितानाच हसू येतंय, पण होऊ शकतं.

२७ फेब्रुवारी
ब.चं पत्र. ते तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन आले. पुन्हा भारतीय व्हायचं तर आधी इथं येऊन राहायचं, परका म्हणून, कित्येक वर्षं. मग अर्ज. तोवर दर वेळी कचेरीत नाव नोंदवायचं, आणि तिकडचा कागद टाकायचा तो टाकायचाच. मधल्या काळात कुणाचेच नाही.
आणि दुसरं. तिकडच्या एका शाळेनं विचारलंय, मुलांना हॉकी शिकवाल का म्हणून. कारखान्यापेक्षा बरं काम. ब. लिहितात, "पोरं लई चपळ हायत, शकू. स्टिक बी धड धरता येत न्हाय, पण पळतात अशी. तुला बघायला पायजे. मुलींना शिकवायला पण कोण न्हाय तितं." मग एक ओळ खोडलेली. उजेडात धरली तरी वाचता येत नाही. खाली, "मी माणूस कुठला ते मला ठरवता येत न्हाय. तू सांग. तू सांगशील तसं."

राग आला. मग परत वाचलं. मुलींना शिकवायला कुणी नाही हे त्यांनी मला आणण्यासाठी लिहिलंय का माझं मन राखायला म्हणून, का नुसतंच सुचलं म्हणून?
खोडलेल्या ओळीत काय होतं?

२८ फेब्रुवारी
बाईंनी आज खण उघडून कागद टेबलावर ठेवला. "उद्या सकाळी दहापर्यंत. मग मला पाठवावा लागेल." मी हो म्हटलं. कशाला हो, ते माझं मला माहीत नाही.

घरी येऊन एरोग्राम घेऊन बसले. दुपारचे चार. प्रिय, पुढे काही नाही. अव्वा शेंगा पाखडत होत्या. ब.चं पत्र मी त्यांना कालच वाचून दाखवलं होतं. सूप खाली ठेवलं.
"काय लिवतीस?"
म्हटलं, हितं या लिहू का तितं येते लिहू, कळत नाही.
"तुमी दोघं नुसतं हितं का तितं, हितं का तितं. दिवाळीला समदी बसला, सुशीकडं धाडायचं ठरवलंत मला. मला कुणी इचारलं?"
 खरंच कुणी विचारलं नव्हतं.
"सुशीच्या घरी मी न्हाय जाणार. तिचा नवरा जेवताना बोलत न्हाय. भिंतीसंगं जेवल्यासारखं वाटतंय." मग म्हणाल्या, "मला बी न्या की आफ्रिकेला."
मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. अव्वा, तुमचे गुडघे, एवढा प्रवास, तिथलं काही कळणार नाही, माणसं वेगळी, मी भराभर बोलत होते.
"हितं तरी कुटं कळत हुतं? मी जन्मले तवा निजामाचं राज्य. लगीन होऊन सोलापुरात आले तर हितं इंग्रज. मराठी येत न्हवती, नळावर बाया हसायच्या. मग कुणी म्हनालं सोतंत्र झालं. मी हितंच भाकऱ्या करत बसलेली, राज्यं येऊन गेली." सूप परत मांडीवर घेतलं. "माझ्या लेकानं त्यांचा अंगरखा घातला तर मी त्यांची भाकरी खाल्ली तर काय हुतंय? ज्वारी मिळती का तितं, तेवढं इचार."

गिरिजा ट्रंकेवरून म्हणाली, "अज्जी येणार?" अव्वा म्हणाल्या, "तुझ्या आईला इचार. ती जाणार का ते अजून तिला ठाऊक न्हाय."

मी हसले. मग हसता हसता थांबले, कारण सात वर्षं ज्यांच्यामुळे जाता येत नाही असं मी म्हणत आले, त्याच चप्पल घालून तयार. म्हणजे आता कारण उरलं नाही. जायचं असेल तर मला जायचंय म्हणून, राहायचं असेल तर मला राहायचंय म्हणून. दहाच्या आत.

अव्वांचा जन्म कधीचा, ते पासपोर्टाला लागेल. विचारलं तर म्हणाल्या, मोठ्या पटकीच्या साथीनंतर. गावाचं नाव सांगितलं, तालुका आठवेना.

एरोग्रामवर लिहिलंय, 'अव्वा यायचं म्हणतायत.' एवढंच. माझं पुढे लिहायचंय.
अव्वा आतून विचारतायत, "लिवलंस का?"
म्हटलं, लिहितेय.